तळणीची काच

२१ जानेवारी १८९८, शुक्रवारची रात्र. कापसानं भरलेल्या बंडीवर पाठ टेकून तुम्ही पडला आहात आणि बैल यवतमाळहून धामणगावच्या वाटेनं चालले आहेत. जिल्ह्याला अजून यवतमाळचं नाव मिळालेलं नाही. सरकारी दप्तरात हा वणी जिल्हा, त्याचं ठाणं तेवढं यवतमाळात. आगगाडीही इथवर आलेली नाही. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून येणारी छोटी गाडी, जिला लोक पुढे शकुंतला म्हणतील, ती धावायला अजून पाचेक वर्षं आहेत. म्हणून इथला कापूस बाभुळगावावरून, बेंबळा ओलांडून रात्रभर चालतो, धामणगावच्या स्टेशनावर उतरतो आणि तिथून मुंबई गाठतो.

अवस तोंडावर आलेली. चंद्र नाही, त्यामुळे आभाळ ताऱ्यांनी गच्च भरलंय. बंडीवाला घोंगडीतून तोंड बाहेर काढून बोलतो, "उद्या गिऱ्हान हाये जी. खग्रास. तळणीले सायबायनं तंबू ठोकले. सारा इचारत नाही, कापसाचा भाव इचारत नाही. नुसते सुर्यापायी आले म्हंते."

तुम्ही काही बोलत नाही. तुमच्या डोक्यात सव्वाशे वर्षांनंतरचं विज्ञान आहे आणि या प्रवासाची एकच अट आहे: पाहायचं, सांगायचं काही नाही.

पहाटे धामणगावच्या बाजारात बंडी सुटते. तुम्ही रुळांच्या कडेनं पूर्वेला निघता. दोन्ही बाजूंना वेचणी होत आलेली पऱ्हाटी, धुऱ्यावर तूर, मधूनच हरभऱ्याचं हिरवं वावर. वर्धा नदीच्या अलीकडचं शेवटचं स्टेशन तळणी. तिथं खरंच तंबू आहेत. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेची ही तुकडी. ग्रिनिच वेधशाळेतले वॉल्टर माँडर, त्यांची पत्नी अ‍ॅनी माँडर, थ्वेट्स, कॅप्टन मोल्सवर्थ आणि जॉन एव्हरशेड. अ‍ॅनीबाई स्वतः ग्रिनिचला गणनेचं काम करत होत्या. १८९५ साली लग्न झालं आणि विवाहित बायकांना नोकरी नाही या नियमापायी त्यांना ती सोडावी लागली. आज त्या स्वतःच्या छोट्या भिंगाचा कॅमेरा घेऊन उभ्या आहेत. नोकरी गेली तरी सूर्य त्यांनी सोडला नाही. या कॅमेऱ्यातून त्या आज सूर्याच्या प्रभामंडलाचा एक झोत टिपतील, सुमारे एक कोटी किलोमीटर लांब. इतका लांब झोत तोवर कुणी टिपलेला नसेल.

पण तुमचं लक्ष एव्हरशेडकडे आहे. त्यांच्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी लोलक बसवलेला आहे. त्यातून जाणारा प्रकाश रंगारंगांत फुटतो आणि मागे काचेच्या प्लेटवर पडतो. प्लेटवर जिलेटिनचा थर, थरात चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म दाणे. तुम्ही यवतमाळहून रात्रभर प्रवास करून आलात ते या काचेसाठी.

साडेअकरा वाजून जातात आणि सूर्याच्या कडेला पहिला काळा चट्टा दिसतो.

चंद्राची सावली आज महाराष्ट्र नैऋत्येकडून ईशान्येकडे कापत येणार आहे, आवाजाहून जास्त वेगानं. आधी ती विजयदुर्गावर पोचेल. तिथं किल्ल्यात नॉर्मन लॉकियर आपल्या तुकडीसह थांबले आहेत. १८६८च्या ग्रहणानंतर सूर्यप्रकाशातल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून हेलियम हे नाव रुजवणारे तेच लॉकियर. त्या जागेला कोकणात पुढे साहेबाचे कट्टे म्हणतील. मग सोलापूरकडचं जेऊर. तिथं कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आहेत, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला आहेत. आपला माणूस आपल्या मातीवर उभा राहून वर्णपट टिपतोय, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण ग्रहणांच्या इंग्रजी हकिकतींत हे नाव घाईनं ओलांडलं जातं. तिथून सावली पुसद, दारव्हा, यवतमाळ असं आपल्या जिल्ह्याचं अंग व्यापत तळणीला येईल आणि नदीपलीकडे पुलगावला हिल्स आणि न्यूअल यांच्या दुर्बिणींवरून पुढे सरकेल.

साडेबाराच्या पुढे ऊन फिकं पडू लागतं. लिंबाखालच्या प्रत्येक कवडशाची कोर झाली आहे, शेकडो कोरी जमिनीवर हलताहेत. हवेत गारवा उतरतो. गावात चुली विझल्या आहेत, पाण्याच्या घागरींत तुळशीची पानं पडली आहेत, लोक नदीकडे निघालेत. कुठूनतरी हाक ऐकू येते, "दे दान, सुटे गिऱ्हाण!" तंबूपाशी कुणीतरी घड्याळाचे सेकंद मोठ्यानं मोजू लागतो. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली म्हातारी आणि लोलकामागे श्वास रोखून उभा असलेला एव्हरशेड, दोघांनाही सूर्याचं काय होतंय याची सारखीच काळजी आहे. त्यांच्यात भांडण लावायची मला गरज वाटत नाही.

नैऋत्येला आभाळ जांभळं होतं. सूर्याची शेवटची कड धाग्याएवढी उरते, तुटते, आणि त्या क्षणी चंद्राच्या काळ्या काठावर एक गुलाबी बारीक कंस पेटतो. सूर्याच्या पृष्ठभागावरचा हा पातळ वायूचा थर, वर्णगोल. एरवी सूर्याच्या झगझगाटात तो दिसत नाही. आता मोजून काही सेकंद दिसणार. एव्हरशेड झडप उघडतात.

नेहमीच्या सूर्याच्या वर्णपटात हजारो काळ्या रेषा असतात. या काही सेकंदांत त्या उलटतात आणि झळाळून उठतात. लोलकातून त्या सरळ रेषा न राहता कंस होतात, कारण प्रत्येक रंगात त्या गुलाबी कडेचं स्वतंत्र चित्र उमटतं. हायड्रोजनचा तांबडा कंस, हेलियमचा पिवळा, कॅल्शियमचे दोन जांभळे, लोखंडाचे कितीतरी. चंद्र थोडा सरकतो आणि बहुतेक सगळे विझतात. मग उरतं ते मोत्यासारखं पांढरं प्रभामंडल. सूर्याजवळ शुक्र ठळक दिसतो. कावळे मुकाट झाडांवर बसलेत. सगळं मिळून दोन मिनिटंही पुरी नाहीत. मग दुसऱ्या कडेनं ऊन फुटतं, नदीवर एकच गलका होतो आणि माणसं डुबकी मारतात.

संध्याकाळी तंबूच्या अंधारात प्लेटा धुतल्या जातात. तुम्ही एव्हरशेडच्या खांद्यावरून पाहता. काचेवर हायड्रोजनचे कंस एकापाठोपाठ एक मांडलेत. तांबड्याकडून जांभळ्याकडे जाताना त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं. पुढे अतिनील भागात, जो डोळ्याला दिसत नाही पण चांदीच्या दाण्यांना दिसतो, ते इतके दाटतात की एकमेकांना चिकटतात. आणि जिथं ते संपतात तिथून पुढे? तिथं रेषा नाहीत, कोरी काचही नाही. तिथून एक मंद, अखंड पट्टा सुरू होतो.

या रेषांचा हिशेब बाझलच्या एका शाळामास्तरानं, योहान बाल्मरनं, १८८५ साली मांडलेला आहे. त्याचं सूत्र इतकं साधं की आठवीच्या मुलाला करता येईल. ३६४.५६ नॅनोमीटर ही संख्या घ्या. तिला ९/५नं गुणा, हायड्रोजनची तांबडी रेषा मिळते. १६/१२नं गुणा, निळी-हिरवी मिळते. २५/२१, ३६/३२ करत जा, पुढच्या रेषा मिळतात. वर ३, ४, ५, ६ यांचे वर्ग आणि खाली त्यांतून चार वजा. अणूच्या प्रकाशात पूर्णांक कुठून आले हे बाल्मरला ठाऊक नव्हतं. एव्हरशेडला ठाऊक नाही. आज २२ जानेवारी १८९८ला जगात कुणालाच ठाऊक नाही. जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉनची घोषणा करून वर्षसुद्धा झालेलं नाही, अणूला केंद्रक असतं हे कळायला अजून तेरा वर्षं लागतील. आणि काचेवरचा तो अखंड पट्टा? त्याला तर बाल्मरच्या सूत्रात जागाच नाही. तळणीच्या माळावर उत्तर काचेत येऊन बसलंय आणि प्रश्न अजून कुणी नीट विचारलेला नाही.

तुम्ही परत निघता. वाट तीच, पण आता प्रत्येक मुक्कामाला साल बदलतं.

धामणगाव मागे पडतं आणि वावरं उजाड होतात. १८९९चा पाऊस दगा देऊन गेला आहे, मोठा दुष्काळ पडलाय. रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं दिसतात, हाडं मोजून घ्यावीत अशी. त्याच दुष्काळाच्या वर्षाअखेरीस, १४ डिसेंबर १९०० रोजी, बर्लिनमध्ये माक्स प्लांक तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा हिशेब जुळवण्यासाठी एक तोड काढतात: ऊर्जा सलग न घेता ठरावीक मापाच्या पुंजांत घ्यायची. स्वतः प्लांकनाही ती तोड मनापासून रुचलेली नाही. दुष्काळी कामावरच्या माणसाला या बातमीचा काय उपयोग, असा प्रश्न मनात येतो. काही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, एवढं खरं, आणि माणसाचा इतिहास लिहिताना त्यांतली एकच लिहावी असं मला वाटत नाही.

बेंबळेच्या पात्रात पाय बुडवता तेव्हा १९०५ उजाडलंय. दप्तरातला वणी जिल्हा जाऊन यवतमाळ जिल्हा आला आहे. बर्नमधल्या पेटंट कचेरीत आइन्स्टाइन म्हणतात की पुंज ही हिशेबाची सोय नव्हे, प्रकाश खरोखरच पुंजांनी येतो आणि पुंजांनीच शोषला जातो.

बाभुळगाव, १९१३. तुम्ही पाणी प्यायला पायऱ्यांच्या विहिरीत उतरता. या विहिरीची घडण थोडी निराळी कल्पून पाहा: तळाशी पायऱ्यांमधलं अंतर मोठं, वर येताना लहान लहान, काठाशी तर पायऱ्या एकमेकींना टेकलेल्या. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभं राहायला जागा नाही. कोपनहेगनच्या नील्स बोर नावाच्या तरुणानं याच वर्षी हायड्रोजनचा अणू असा मांडला. बाल्मरनं सूत्र लिहिलं त्याच वर्षी जन्मलेला हा मुलगा. इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवरच असू शकतो. वरच्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरला की दोन पायऱ्यांतल्या फरकाएवढी ऊर्जा एका पुंजात बाहेर पडते, म्हणजे एकच रंग, एकच रेषा. तिसरीवरून दुसरीवर उतरला तर तांबडी, चौथीवरून निळी-हिरवी. बाल्मरचे ते ३, ४, ५, ६ म्हणजे पायऱ्यांचे क्रमांक. आणि विहिरीच्या काठावर, उघड्या वावरात, पायऱ्या नसतात. तिथला इलेक्ट्रॉन कुठल्याही अणूचा नाही, त्याची ऊर्जा कितीही असू शकते. असा मोकळा इलेक्ट्रॉन थेट दुसऱ्या पायरीवर येऊन पडला तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाला ठरावीक रंग कसा असेल? रेषा जिथं संपतात तिथून पुढे तो सलग पसरणार. तळणीच्या काचेवरचा मंद पट्टा तो हाच.

मला पुंजभौतिकीचा गाभा यात दिसतो. निसर्ग सगळीकडे तुकड्यातुकड्यांनीच वागतो, असं अनेक पुस्तकं सांगतात. ते अपुरं आहे. जे बांधलेलं आहे त्यालाच पायऱ्या असतात, मोकळ्याला नसतात. रेषा आणि पट्टा हे दोन्ही एकाच काचेवर शेजारी शेजारी उमटले, म्हणून ती काच मला इतकी मोलाची वाटते.

पुढचे मुक्काम भराभर येतात. १९२०: कलकत्त्याचे मेघनाद साहा, वय सत्तावीसच्या आत, ग्रहणातल्या वर्णगोलाकडे पाहून विचारतात की कॅल्शियमच्या दोन रेषा इतक्या उंचीवर कशा टिकतात. उत्तर त्यांना सापडतं: दाब कमी झाला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं सोपं होतं. तापमान आणि दाब दिला की किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील हे सांगणारं त्यांचं समीकरण आज प्रत्येक ताऱ्याचा वर्णपट वाचायला लागतं. दरम्यान एव्हरशेड कोडईकॅनालच्या वेधशाळेचे संचालक झालेत, आणि नायगमवालांची पुण्यातली वेधशाळा १९१२ साली बंद होऊन तिची मोठी दुर्बीणही कोडईकॅनालला गेली आहे. पुण्यानं ती गमावली याची मला आजही चुटपुट लागते.

१९४१च्या सुमारास आणखी एक गाठ सुटते. प्रभामंडलात एक हिरवी रेषा असते. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून कोरोनियम नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं होतं. ग्रोट्रियान या शास्त्रज्ञांच्या खुणेवरून स्वीडनचे एडलेन दाखवून देतात की ती रेषा साध्या लोखंडाची आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. तेरा इलेक्ट्रॉन ओरबाडायला दहा लाख अंशांच्या घरातलं तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, आणि त्याच्या बाहेरचं विरळ मंडल त्याच्या कित्येक पट तप्त. ते तापतं कसं, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत.

आणि मग यवतमाळ, आजचं. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पडदे ओढलेले आहेत, हायड्रोजनची नळी गुलाबी पेटली आहे आणि बी.एस्सी.ची एक मुलगी वर्णपटमापीच्या दुर्बिणीला डोळा लावून बसली आहे. रिडबर्गचा स्थिरांक काढायचा प्रयोग. तिला तांबडी, निळी-हिरवी आणि जांभळी रेषा दिसते. ती विचारते, "सर, बाकीच्या कुठं गेल्या?"

हा प्रश्न बोरनंही घेतला होता. त्या काळी प्रयोगशाळेतल्या नळीत हायड्रोजनच्या बाराच्या पुढे रेषा मिळत नसत, आकाशातल्या काही वर्णपटांत मात्र तेहतीस मिळत. बोरच्या अणूत पायरी जितकी वरची तितका अणू ऐसपैस: बाराव्या पायरीपाशी १४४ पट, तेहतिसाव्यापाशी हजारपटीहून मोठा. नळीतल्या दाटीत एवढं फुगायला त्याला जागा नसते. सूर्याच्या कडेच्या विरळ वायूत असते. सर हे सांगतात, मुलगी वहीत आकडे भरते.

पण तळणीच्या त्या काचेचा एक प्रश्न सरांच्या उत्तरात येत नाही, कुठल्याच परीक्षेत येत नाही, आणि तोच आज सर्वांत उघडा आहे.

वर्णगोलातल्या एका अणूतून निघालेला प्रकाश आठ मिनिटांत तळणीला पोचला. भिंगावर येताना तो लहरीसारखा पसरलेला होता. पसरलेला असावाच लागतो, कारण भिंगाच्या सगळ्या भागांतून आलेल्या लहरी एकत्र येऊनच चित्र रेखीव होतं. पण काचेवर त्याची नोंद झाली ती चांदीच्या एका दाण्यात. शेजारचे दाणे कोरे. पसरलेलं होतं ते एका ठिकाणी कसं आलं? खूप पुंज एकदम येतात म्हणून ते मिळून लहरीसारखे वागत असतील, असं वाटणं साहजिक आहे. १९०९ साली केंब्रिजमध्ये जेफ्री टेलरनं धूर धरलेल्या काचांमागून इतका क्षीण प्रकाश सोडला की एक प्लेट पुरी व्हायला सुमारे तीन महिने लागले. सुईच्या सावलीभोवतीचे लहरींचे पट्टे तरीही जसेच्या तसे उमटले. पुंज एकेकटे आले तरी लहरीचा नियम प्रत्येकानं पाळला, आणि नोंद मात्र प्रत्येकाची एकेका दाण्यात झाली.

१९२६चं श्रोडिंगरचं समीकरण लहर कशी पसरते ते सांगतं. माक्स बोर्नचा नियम कुठला दाणा काळा होण्याची शक्यता किती ते सांगतो. याच दाण्याची निवड का झाली, निवड झाली तरी केव्हा, हे दोन्ही सांगत नाहीत. बोम यांनी १९५२ साली म्हटलं की कण मुळातच एका ठिकाणी असतो, लहर त्याला वाट दाखवते. एव्हरेट यांनी १९५७ साली म्हटलं की निवड होतच नाही, प्रत्येक दाणा आपापल्या शाखेत काळा होतो. काहींना वाटतं की वस्तू पुरेशी मोठी झाली की लहर आपोआप कोसळते. जॉन बेल यांच्या १९६४च्या प्रमेयानं आणि पुढच्या प्रयोगांनी, ज्यांना २०२२चं नोबेल मिळालं, एक वाट जवळजवळ बंद केली आहे: प्रत्येक कण आपलं उत्तर आधीच खिशात घेऊन निघतो आणि दूरच्या कशाचाही त्यावर परिणाम होत नाही, असं आता मानता येत नाही. समीकरणं अचूक उत्तरं देतात तेव्हा हा प्रश्न सोडून द्यावा, असं बरेच जाणते लोक म्हणतात. मला ते पटत नाही. बाल्मरचं सूत्रही अचूक उत्तरं देत होतं. पूर्णांक का, हे बोरनं विचारलं नसतं तर आपण अजून अपूर्णांकांचे गुणाकारच करत बसलो असतो.

आणि हा प्रश्न आता निव्वळ वादाचा राहिलेला नाही, तो मोजता येऊ लागला आहे. व्हिएन्नात १९९९ साली साठ कार्बन अणूंचे रेणू लहरीसारखे वागताना दिसले. २०१९ साली सुमारे दोन हजार अणूंचे रेणूही तसेच वागले. २०२५चं नोबेल ज्यांना मिळालं त्यांनी हातात धरता येईल अशा विद्युत मंडलात पुंजभौतिकीची वागणूक दाखवली होती. तळणीच्या प्लेटवरच्या एका दाण्यात अब्जावधी अणू असतात, पण त्याला काळं व्हायला लावणारी पहिली खूण चांदीच्या चारेक अणूंची गाठ एवढीच असते. लहर नोंदीत बदलते ती या चार अणूंपाशी, की अब्जावधींच्या दाण्यात, की वर्णपटमापीला डोळा लावून बसलेल्या या मुलीपाशी? दोन हजारांच्या पुढचे आकडे आता एकेक करून तपासले जाताहेत. कुठंतरी सीमा सापडेल, किंवा कितीही मोठी वस्तू घेतली तरी ती सापडणारच नाही, आणि मग सीमा असते हे गृहीतच टाकून द्यावं लागेल.